अकरा महिन्यांची मधुमालती

पावसाच्या तोंडावर रोपवाटिकेत पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत एक मुलगी माळ्याला विचारत होती, “लवकर वाढणारा, वासाचा वेल कुठला? गॅलरीच्या जाळीवर चढवायचाय. पण याच वर्षी फुलं दिसली पाहिजेत हं.” माळ्यानं मधुमालतीच्या पिशव्यांकडे बोट दाखवलं. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ कुणी न विचारता म्हणाले, “झाडाच्या बाबतीत घाई करू नये. घाईच्या झाडात राम नसतो.”

ते मला तेव्हा पटलं. झाडाच्या आधी ‘लवकर’ लागलं की माझ्याही कपाळाला आठी पडते. कारण लवकरचा वेल बहुतेकांना झाकायला हवा असतो. एसीचं धूड झाकायचं, गच्चीवरचा पत्रा झाकायचा, समोरच्यांची खिडकी झाकायची. पडदा शिवून घेण्यापेक्षा वेल स्वस्त पडतो, इतकंच. पण घरी येईपर्यंत गृहस्थांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग टोचू लागला. मधुमालतीत राम नाही?

मधुमालतीचं वर्णन करत बसत नाही. जुन्या बंगल्याच्या फाटकावर ती प्रत्येकानं पाहिली आहे. वेलाचा विषय निघाला की ज्ञानदेवांचा मोगराही निघतो, तोही सगळ्यांना पाठ आहे. मात्र पाहूनही निसटतं असं एक आहे. घोसातली पांढरी, गुलाबी आणि लाल फुलं तीन जातींची नसतात. ती एकाच फुलाची तीन वयं. संध्याकाळी कळी उमलते तेव्हा पांढरी असते आणि वास सर्वांत जास्त तेव्हाच येतो. दुसऱ्या दिवशी ती गुलाबी होते, मग लाल. पांढरा रंग आणि वास ही दोन्ही रात्रीच्या पतंगांसाठीची सोय. फुलाची नळी बोटाएवढी लांब आणि काडीसारखी बारीक, त्यामुळे तळाच्या मधापर्यंत लांब सोंडेचा पतंगच सहज पोचतो. लाल झालेलं फूल मग दिवसा हिंडणाऱ्यांच्या नजरेत भरतं.

इथे माझा एक लाडका भेद आड येतो, घाई आणि वेग यांतला. घाई म्हणजे टप्पे गाळणं. वेग म्हणजे सगळे टप्पे घेणं, पण आपल्या चालीनं. मधुमालती भराभर वाढते, पण पांढऱ्यावरून एकदम लालवर उडी मारत नाही. गळालेल्या पानाचा देठसुद्धा ती वाया घालवत नाही. पान पडतं, देठाचं बूड फांदीवर तसंच राहतं, वाळून टणक होतं आणि त्याचा आकड्यासारखा काटा बनतो. याच काट्यांनी ती जाळीत, दुसऱ्या झाडात अडकत वर चढते. छाटताना मनगटावर ओरखडे उठतात ते याचेच. ज्या वेलाला आपल्या गळालेल्या पानांचाही उपयोग करता येतो, त्याला घाईचा म्हणणं मला जड जातं.

वेलांच्या या वेगाचं कोडं चार्ल्स डार्विनलाही पडलं होतं. आजारपणामुळे खोलीबाहेर पडता येत नव्हतं, तेव्हा त्यानं हॉपचा वेल कुंडीत लावून खोलीतच ठेवला आणि त्याचा शेंडा आधार शोधत गोल कसा फिरतो ते तो बघत बसला. उन्हाळ्यात दिवसा एका फेरीला सरासरी २ तास ८ मिनिटं लागतात, अशी नोंद त्यानं केली. वेलांवरचा त्याचा प्रबंध १८६५ साली आला, पुढे १८७५ मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्यातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. वृक्षाला फांद्यांचा भार पेलायला जाडजूड खोड उभारावं लागतं. वेल तो खर्च वाचवतो आणि थोडक्या सामग्रीत उजेडापर्यंत पोचतो. गंमत म्हणजे मधुमालती ही हिरडा, बेहडा, ऐन, अर्जुन यांच्या कुळातली. भाऊबंद सगळे खोड कमावणारे, आणि हिनं मात्र खोडाचा नाद सोडून दुसऱ्याच्या आधारावर बिऱ्हाड मांडलेलं. थोडक्यात, वेल हा भाडेकरू आहे.

हे लिहिलं आणि ती मुलगी पुन्हा आठवली. ‘याच वर्षी’ या अटीमागे उतावीळपणा असेल असं मी धरून चाललो होतो. करारही असू शकतो! भाड्याच्या घराचा करार ११ महिन्यांचा. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, ते टाळण्यासाठी हा आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे ११ महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, तरी आकडा काही हललेला नाही. ज्याचं बिऱ्हाड अकरा महिन्यांचं, त्याला ‘सोनचाफा लाव आणि धीर धर’ हा उपदेश करणं सोपं आहे. करणाऱ्याचं घर स्वतःचं असतं. धीर धरायला आधी जागा लागते.

गृहस्थ म्हणतील, जायचंच आहे तर लावावं कशाला? याला उत्तर कालिदासानं देऊन ठेवलं आहे. शकुंतला सासरी निघते तेव्हा वनज्योत्स्ना या वेलाला बहीण मानून तिचा निरोप घेते आणि तिला ठेव म्हणून मैत्रिणींच्या हाती सोपवते. आश्रमात आपण कायमच्या नाही, म्हणून तिनं पाणी घालणं सोडलं नव्हतं.

गृहस्थांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. भाडेकरू जातो, वेल राहतो. वर्षभर हात न लागलेली मधुमालती पन्हळीत शिरते, शेजारच्या गॅलरीत घुसते, विजेच्या तारांना लोंबकळते; मुळांतून नवे फुटवे काढून वाफा अडवते. मग पुढचा माणूस कोयता आणतो. याचा दोष वेलाच्या वेगाला देऊन काय उपयोग? शकुंतलेला ठेव सोपवायला मैत्रिणी होत्या; आपल्याकडे किल्ल्या सोपवतात, विजेच्या मीटरचा आकडा लिहून घेतात, वेलाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

म्हणून माझं मत आता असं झालं आहे. स्वतःचं घर असलेल्यांनी सावकाशीची झाडं लावावीत, ती त्यांनाच परवडतात. भाडेकरूनं बेलाशक मधुमालती लावावी, ऊन येईल अशा जागी. घरमालकांनी करारात ‘झाडे लावू नयेत’ हे कलम घालू नये. आणि जे नव्यानं राहायला येतील त्यांना एकच सांगणं: बहर सरला की वेल सपाटून छाटा, पण उपटू नका. मधुमालतीला फुलं नव्या फुटीवरच येतात.