भ्रमरकीटन्याय आणि बागेतले मित्र

ध्यानाचे सामर्थ्य सांगताना वेदान्तात जो भ्रमरकीटन्याय वापरला जातो, त्याचा आशय असा की, भ्रमर एखाद्या अळीला आपल्या घरट्यात कोंडतो, ती भयाने अखंड त्याचेच चिंतन करते आणि अखेर तद्रूप होऊन भ्रमर म्हणूनच बाहेर पडते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला सांगितलेल्या चोवीस गुरूंमध्ये हा कीटक शेवटचा आहे, आणि त्याच स्कंधावर एकनाथांनी टीका लिहिल्यामुळे हा दृष्टान्त मराठी मनाला परका राहिला नाही. मराठी घरांत हा भ्रमर कुंभारीण म्हणून ओळखला जातो. कमरेशी दोऱ्याइतकी बारीक असलेली ही माशी ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणते आणि खिडकीच्या चौकटीत किंवा तसबिरीमागे आपले मडके घडवते.

दृष्टान्तामागचे निरीक्षण खरे आहे, अनुमान तेवढे चुकले. कुंभारीण अळीला नांगी मारून लुळी करते, पण ठार मारत नाही, कारण मेलेली अळी कुजते आणि लुळी अळी ताजी राहते. त्याच कप्प्यात कुंभारणीचे अंडे असते, त्यातून निघालेले पिल्लू हा शिधा खात वाढते आणि पंख फुटल्यावर माती फोडून बाहेर येते. ज्याला सारूप्य मानले गेले, ते भक्षण होते. न्याय हे समजावण्याचे साधन असल्याने त्याची किंमत याने उणावत नाही. पण हीच कुंभारीण पाने खाणाऱ्या अळ्या वेचते म्हणून कृषिशास्त्र तिला मित्रकीटक म्हणते, आणि तेथे निराळाच प्रश्न उभा राहतो.

मित्रकीटक म्हणजे किडींना खाणारे परभक्षी, किडींच्या अंगात किंवा अंड्यांत वाढून त्यांना संपवणारे परोपजीवी, आणि परागीभवन करणारे कीटक. ही मैत्री अर्थातच माणसाच्या बाजूने मोजलेली आहे. काही जातींच्या कुंभारणी अळ्यांऐवजी केवळ कोळीच साठवतात, आणि कोळी तर स्वतःच बागेचे राखणदार. अशा कुंभारणीला मित्र म्हणावे की शत्रू, याचे उत्तर त्या शब्दापाशी नाही. चार्ल्स डार्विनने १८६० साली आसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात, जिवंत अळीला आतून खाणारे कीटक दयाळू ईश्वराने हेतुपूर्वक निर्माण केले असतील हे आपल्याला पटत नसल्याचे म्हटले होते. भारतीय परंपरेने हा प्रश्न निर्मात्यापेक्षा कर्त्याकडे अधिक वळवला. योगसूत्रांनी हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी त्रिविध मानली, म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि संमती दिलेली. जैन आचारशास्त्राने गृहस्थापुरती संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून केलेली हिंसा, उद्योगातील अटळ हिंसेपासून वेगळी काढली.

या कसोटीवर ट्रायकोकार्ड लावणारा बागायतदार कोठे बसतो? या कार्डावर चिकटवलेल्या पतंगाच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाचे अतिसूक्ष्म परोपजीवी वाढत असतात, आणि बाहेर पडताच ते पिकावरील किडीची अंडी शोधून त्यांत आपली अंडी घालतात. फवारणीपेक्षा हे सौम्य असले, तरी तात्त्विक दृष्टीने ही कारित हिंसाच आहे, किंबहुना मारेकरी निवडून सोडलेला असल्याने तिच्यातील संकल्प अधिक स्पष्ट आहे. कोथिंबीर आणि बडीशेप फुलोऱ्यावर येऊ देणारा, म्हणजे परोपजीवींना मकरंद मिळेल एवढीच सोय करणारा माणूस मात्र फार तर अनुमोदनाचा धनी ठरतो. सोडणे आणि येऊ देणे यांतील हा फरक बारीक आहे, पण पोकळ नाही.

त्याहून मोठी हिंसा अज्ञानातून घडते. मूळचा ऑस्ट्रेलियातील आणि १८९८ मध्ये भारतात आणला गेलेला क्रिप्टोलेमस हा भुंगेरा द्राक्षबागेतील पिठ्या ढेकूण फस्त करतो, परंतु त्याच्या अळीच्या अंगावरही पांढऱ्या मेणाचे झुपके असल्याने ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच दिसते आणि पुष्कळदा माळ्याच्या बोटांखाली त्याच्याबरोबर चिरडली जाते. रज्जुसर्पाच्या दृष्टान्तात दोरीला साप समजणारा निदान घाबरून पळतो; येथे भ्रमाची किंमत दुसराच जीव मोजतो. ढालकिड्याच्या, म्हणजेच लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या, काळपट आणि नारिंगी ठिपक्यांच्या अळीचेही असेच होते, कारण पाठीवर ठिपके मिरवणाऱ्या गोंडस भुंगेऱ्याशी तिचे काडीचेही साम्य नसते.

ओळख पटल्यावरही अडचण सरत नाही. कपाशीच्या कडेने चवळी लावण्यामागचा हेतूच असा असतो की, तिच्यावर मावा यावा आणि माव्यामागे ढालकिडे यावेत; तो मावा फवारून काढला, तर मित्रांना तेथे थांबण्याचे कारणच उरत नाही, म्हणून शत्रूचा थोडा संसार जाणूनबुजून राखावा लागतो. अशा चवळीच्या कोवळ्या शेंड्यावर, काळ्या माव्याच्या गर्दीत, एखादा मावा फुगून फिकट तपकिरी आणि कडक झालेला दिसतो. त्याच्या पाठीवरचे वाटोळे भोक परोपजीवी बाहेर पडल्याचे असते, कुंभारणीच्या मडक्याला पडते तसेच, फक्त टाचणीच्या टोकाएवढे.