पहिलं पान, शेवटचं पान

वऱ्हाडातल्या बाळापुरात मन आणि म्हैस या नद्यांचा संगम आहे आणि त्याला लागूनच विटांचा किल्ला. गावाचा या पाण्यावर फार जीव. गणपती इथेच जातात, निर्माल्य इथेच जातं आणि मुसलमान घरांतली, वाचून वाचून विरलेली कुराणाची पानंही कधी इथेच सोडली जात. शेजारच्या चाचींनी अशी पानं पांढऱ्या फडक्यात बांधून मुलाच्या हाती दिलेली मी लहानपणी पाहिली आहेत. "संभालके ले जा, ठंडे करके आ," असं त्या बजावत. अल्लाचं नाव पायदळी येऊ नये, रद्दीत जाऊ नये, म्हणून कोणी ती पाण्यात सोडतं, कोणी स्वच्छ जागा पाहून पुरतं. फाटकी पोथी गंगेत सोडणाऱ्या आमच्या आजीच्या मनातही हीच भावना होती.

या रीतीचा मी नव्याने विचार केला तो हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात, कुराणाची हस्तलिखितं पाहताना. हैदराबाद वऱ्हाडाला परकं नाही. 1853 साली वऱ्हाड निजामाच्या हातून इंग्रजांच्या कारभारात गेला आणि त्याच वर्षी पहिले सालारजंग निजामाचे दिवाण झाले. वऱ्हाड परत मिळावा म्हणून त्यांनी जन्मभर खटपट केली. 1876 साली विलायतेला गेले तेव्हाही हे गाऱ्हाणं सोबत होतंच. वऱ्हाड काही परत मिळाला नाही. त्यांचे नातू मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांनी जमवलेल्या वस्तूंचं हे संग्रहालय 1951 साली लोकांसाठी खुलं झालं.

इथला मानाचा ग्रंथ म्हणजे याकूत अल मुस्तासिमीच्या हातचं मानलं जाणारं कुराण. याकूत हा बगदादच्या शेवटच्या अब्बासी खलिफाच्या पदरी असलेला लेखनिक. कलमेचं टोक तिरकं छाटून त्याने अरबी अक्षराला नवा डौल दिला. 1258 साली मंगोलांनी बगदाद लुटलं तेव्हा तो एका मिनारात जाऊन बसला आणि तिथेही त्याचा सराव चालूच राहिला, अशी कथा सांगतात. या प्रतीवर जहांगीर, शाहजहान आणि औरंगजेब या तीन बादशहांची हस्ताक्षरं आहेत. ग्रंथ कुणाकुणाच्या हातांतून गेला, ते त्या ग्रंथावरच लिहिलेलं सापडतं.

मला अरबी येत नाही. तरीही पानांपुढून पाय निघेना, कारण त्यांतले कष्ट दिसत होते. कागदाला खळ लावायची, तो वाळला की गुळगुळीत दगडाने घोटायचा. पुठ्ठ्यावर ओळीने दोरे ताणून मिस्तर करायची. तिच्यावर कागद ठेवून बोट फिरवलं की आखणी उमटते, शाईची रेघ ओढावी लागत नाही. काजळी आणि डिंक यांची शाई, बोरूची कलम, आयत, म्हणजे एक वचन, संपली की सोन्याचं लहानसं फूल. पानाच्या तळाशी कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला, म्हणजे पानं सुटली तरी क्रम चुकायला नको.

एवढ्या सगळ्या मेहनतीत लिहिणारा स्वतः कुठे असतो? कुराणाच्या 114 सूऱ्यांत, म्हणजे अध्यायांत, त्याला एक अक्षर इकडचं तिकडे करायची मुभा नाही. त्याची हक्काची जागा एकच, मजकूर संपल्यानंतरची. तिथे तो आपलं नाव, गाव आणि हिजरी साल लिहितो. पोथ्यांच्या जगात याला आपण पुष्पिका म्हणतो. मालकाची नोंद नि शिक्का बहुधा सुरुवातीच्या पानावर असतो. आणि कोणताही ग्रंथ आधी झिजतो तो तिथेच, पहिल्या आणि शेवटच्या पानाशी. कसर तिथून लागते, ओल तिथून चढते, बांधणी तिथेच सुटते. म्हणून आदराने नदीला दिल्या जाणाऱ्या पानांत हीच पानं आधी जातात. काही कातिबांनी, म्हणजे लेखनिकांनी, नम्रतेने नाव लिहिलंच नाही, हे खरं. पण कितीतरी जणांनी लिहिलेलं नाव असं वाहून गेलं असणार.

बाळापूरसारख्या गावाच्या बाबतीत हे मला जास्त लागतं. अकबराचा मुलगा मुराद याने इथून जवळच शाहपूर वसवलं. पुढे इथे नक्शबंदी सूफींची खानकाह, म्हणजे मठ, रुजली. अशा गावात लिहिणारे, शिकवणारे, नकला करणारे हात होतेच. त्यांची नावं सांगणारी पानं मात्र दुर्मीळ.

जपून ठेवल्याने काय होतं, याचे दाखले दूर आणि जवळ दोन्हीकडे आहेत. येमेनमधल्या सना इथल्या मोठ्या मशिदीच्या दुरुस्तीत, 1972 साली, छताच्या पोकळीत कुराणाच्या जुन्या पानांचा मोठा साठा सापडला. कुणीतरी श्रद्धेनेच ती तिथे ठेवली होती. त्यांत कुराणाच्या आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या पानांपैकी काही निघाली. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून मठांत शतकानुशतकं सांभाळले. विसाव्या शतकात ते अभ्यासकांपुढे आले आणि तेराव्या शतकातलं 'लीळाचरित्र' मराठी माणसाला वाचायला मिळालं. ती बासनं नदीत गेली असती तर मराठी गद्य केवढ्या ठेव्याला मुकलं असतं!

प्रत्येक घरातला ग्रंथ उचलून काचेच्या पेटीत ठेवा, असं मी म्हणणार नाही. कोनाड्यातल्या रेहलवर, म्हणजे लाकडी घोडीवर, उघडलं जाणारं, जुजदानाच्या कापडात गुंडाळलेलं कुराण घरातच शोभतं. तिथे त्याचं वाचन होतं. 2003 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनच्या कामात मालकाकडेच राहिलेल्या हस्तलिखितांचीही नोंद झाली. आता तर हातातल्या फोननेही पानाचा स्वच्छ फोटो निघतो. पान ठंडं करायचं तर जरूर करावं, तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. फक्त त्याआधी जाणत्या माणसाला ते एकदा दाखवावं. त्यावर नाव, गाव, साल असेल तर उतरवून घ्यावं. ग्रंथाला पाय लागू नये म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या जपलं. तो ज्याने लिहिला त्याच्या नावालाही त्या आदरात वाटा मिळायला हवा.