परका मासा आणि हिंसेचा दोष

दुसऱ्या पाण्यातून आणलेला मासा नव्या नदीत माजतो आणि मूळच्या माशांचे अन्न, विणीच्या जागा बळकावतो. अशा माशाला मारावे का, आणि मारले तर मारणाऱ्याला दोष लागतो का, हा अहिंसा मानणाऱ्या परंपरांपुढचा अवघड प्रश्न आहे. अमेरिकेत त्याला रोकडे उत्तर मिळाले. चीनकडचा चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, तेथे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तळी स्वच्छ ठेवण्यासाठी आणला गेला. तो तळ्यांतून निसटून मिसिसिपी आणि इलिनॉय नद्यांत पसरला. आता होडीतून, बहुधा रात्री दिव्यांच्या झोतात, दोरी बांधलेला बाण मारून त्याची शिकार होते. मासा पाण्यात असतो त्याहून वर दिसतो, म्हणून नेम खाली धरावा लागतो. या शिकारीला नदी वाचवण्याचे काम म्हटले जाते आणि तिच्या स्पर्धाही भरतात.

महाराष्ट्रात असे धनुर्धारी नाहीत, पण मासे आहेत. आफ्रिकेतला तिलापिया १९५२ मध्ये भारतात आला. उजनीच्या जलाशयात तो ‘चिलापी’ या नावाने रुळला असून आज तेथील मासेमारी बरीचशी त्याच्यावर चालते. आफ्रिकी मागूर बाजारात ‘थाई मांगूर’ म्हणून ओळखला जातो. हा मांसभक्षक मासा पाळण्यावर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली, तरी चोरून शेती चालूच राहिली. मत्स्यव्यवसाय विभागाने वेळोवेळी अशी तळी शोधून त्यांतले मासे नष्ट केले आहेत. मात्र परका कोणाला म्हणायचे, हे दिसते तितके सरळ नाही. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात आज घरचे वाटणारे कटला, रोहू, मृगळ हे मुळात उत्तरेकडच्या नद्यांचे. माणसाने आणून सोडलेले. त्यांच्यावर कोणी बाण रोखत नाही, कारण ते चवीला आणि भावाला चांगले आहेत. यादी नदी ठरवत नाही, माणूस ठरवतो.

जैन विचारात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार मानतात: संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, आरंभी, म्हणजे घरकामात घडणारी, उद्योगी, म्हणजे उपजीविकेत होणारी, आणि विरोधी, म्हणजे आक्रमण परतवताना होणारी. गृहस्थालाही संकल्पी हिंसा वर्ज्य आहे, बाकीच्या मर्यादेत सोसल्या जातात. परक्या माशाची हत्या विरोधी ठरावी, असा युक्तिवाद चटकन सुचतो, पण तो टिकत नाही. मासा चाल करून आलेला नाही, त्याला पिंपात घालून आणले. नव्या पाण्यात तो खातो आणि वितो, म्हणजे जुन्या पाण्यात करत होता तेच करतो. शिक्षेसाठी अपराध लागतो आणि येथे अपराध आणणाऱ्याचा आहे. म्हणून ‘घुसखोर’ ठरवून माशावर राग काढणे नीतीच्या दृष्टीने पोकळ आहे.

मग मारूच नये का? न मारण्यातही हिंसा आहे: मागूर ज्या लहान माशांना संपवतो, त्यांची. महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध येथे उपयोगी पडतो. मिथिलेचा हा मांसविक्रेता कौशिक नावाच्या ब्राह्मणाला सांगतो की नांगराच्या फाळाखालीही असंख्य जीव मरतात. हिंसेपासून पूर्ण अलिप्त कोणी नाही. पण तो स्वतःच्या धंद्याला निर्दोष म्हणत नाही, उलट ते घोर कर्म असल्याचे मान्य करतो. कर्तव्य म्हणून केलेल्या हत्येचाही दोष उरतो, ही त्याची भूमिका परक्या माशांच्या प्रश्नाला सर्वांत नेमकी लागू पडते. मारणे आवश्यक असू शकते. ते पुण्य नव्हे.

याच जागी धनुष्याचा खेळ अडतो. गळाला लागलेला मासा ओळखून सोडता येतो, बाण लागलेला येत नाही. दिव्याच्या झोतात घाईने मारताना स्थानिक मासाही जातो, आणि मारलेला मासा खाल्ला गेला नाही तर हत्येचे उरलेले प्रयोजनही संपते. कोकणातल्या वलगणीलाही हा आक्षेप लागतो. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले मासे ओढ्या-शेतांत चढतात, आणि बत्ती व कोयता घेतलेली माणसे त्यांना गाठतात. येथे तर मारले जातात ते मूळचेच मासे. खाडीकाठच्या कोळ्यांची रीत वेगळी. नवी मुंबईत सारसोळे, दिवाळे या कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मगच मासेमारीचा हंगाम सुरू करतात, तोवर थांबतात. विणीच्या काळात हात आवरण्याची ही शिस्त कोणत्याही अहिंसाशास्त्रातून आलेली नाही, तरी तिच्यामुळे मासे वाचतात.

उलट बाजूने जीवदान तपासावे लागते. बाजारातला जिवंत मासा पुण्य म्हणून तळ्यात सोडणारा, किंवा काचेच्या टाकीतला नकोसा मासा दयेने नदीत सोडणारा, एक जीव वाचवतो आणि पुढच्या अनेक मरणांची सोय करतो. डासांवर उपाय म्हणून पालिका वाटतात ते गप्पी मासेही दक्षिण अमेरिकेचे. हेतू शुद्ध असला की कर्म शुद्ध, हे मानणाऱ्यांना ही उदाहरणे अडचणीची आहेत.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड येथे वरदायिनी देवीच्या आश्रयाने महसीर मासे राखले आहेत. वैतरणेकाठी तिळसे येथे शंकराच्या देवळापाशीही तसेच. लोक त्यांना कुरमुरे घालतात, पकडत कोणी नाही. हा नियम जात पाहत नाही: डोहातला प्रत्येक मासा देवाचा. उद्या त्या डोहात चिलापी शिरला तर तोही अभय मागू शकतो, आणि त्याला बाहेर काढायचे तर आधी देवीचा कौल घेण्याची वेळ गावावर येईल.