स्वगत कोणाचे?

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. त्यातील अप्पासाहेब बेलवलकरांचे घराची याचना करणारे स्वगत मिसरूडही न फुटलेले विद्यार्थी स्पर्धांतून म्हणतात, तेव्हा आम्हां प्रौढांस हसू येते. हे हसू न्याय्य आहे काय?

तारापूरच्या अणुवीजकेंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठली. तेथील एखाद्या मुलीने ते स्वगत बोईसरच्या वा पालघरच्या व्यासपीठावर म्हटले, तर तिच्या डोळ्यांपुढचे घर शिरवाडकरांच्या मनातले खचित नव्हे. पंडित म्हणतील, हा विपर्यास. नाटक अपत्यांच्या कृतघ्नतेचे, त्याचे कुळ ‘किंग लिअर’चे. म्हणोत बापडे! लिअर राजाच्या कुळात नाशिकच्या कवीने निवृत्त मराठी नट जन्मास घातला, तो विपर्यास आम्ही डोक्यावर घेतलाच ना?

मात्र एक गोष्ट त्या मुलीने डोळ्यांआड करू नये. अप्पासाहेबांनी आपले सर्वस्व स्वहस्ते मुलांस वाटून दिले होते. तिच्या वडिलधाऱ्यांची जमीन सरकारने संपादन केली. ही दोन दुःखे एक नव्हेत. तो भेद तिने आपल्या स्वरातून ऐकवावा, आणि परीक्षकांनी गुण मांडण्यापूर्वी तिला त्याविषयी विचारावे.