सुभेदाराचे ताट

शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय 5



राज्ये शस्त्राने मिळतात. पण त्यांचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे पाहिल्यावाचून त्यांची खरी पारख होत नाही.

इ. स. पू. 539 मध्ये पारसाचा राजा कोरेश ह्याने बाबेल घेतले व पाडाव झालेल्या यहूद्यांस स्वदेशी परतण्याची मोकळीक दिली. पुढे दारयावेश राजाने ह्या अफाट राज्याची घडी बसविली. हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार सांगतो की, त्याने राज्याचे 20 सुभे करून प्रत्येकावर सुभेदार नेमला व खंडणी ठरवून दिली. सार्दीसपासून शूशनापर्यंतच्या राजमार्गावर 111 टप्पे होते. जिंकलेल्या लोकांच्या धर्मात व रीतिभातीत बहुधा हात घातला जात नसे. ही राजनीती शहाणपणाची होती, ह्यात संशय नाही. परंतु खुद्द पारस देशास खंडणी माफ होती. भार इतरांनी वाहावयाचा.

तो भार गरिबाच्या घरी कसा पोहोचला, हे नहेम्या सांगतो. इ. स. पू. 445 च्या सुमारास तो यहूदाचा सुभेदार होऊन आला. दुष्काळ पडला होता. राजाचा कर भरण्यासाठी लोकांनी शेते व द्राक्षमळे गहाण टाकले होते. मुलेमुली दास्यात दिली होती. आणि व्याज घेणारे कोण? परके नव्हेत, त्यांचेच भाऊबंद!

त्याच काळी ग्रीस देशात अथेन्स नगरीत राजा नव्हता. नागरिकांची सभा कारभार चालवी. बहुतेक अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडीत. तरी स्त्रिया, दास व परदेशीय ह्यांस त्या सभेत जागा नव्हती. पारसाविरुद्ध मित्रराज्यांनी जमविलेला खजिना इ. स. पू. 454 मध्ये डेलोस बेटावरून अथेन्सला नेण्यात आला; 447 मध्ये पार्थेनॉन मंदिराचे काम सुरू झाले. इतरांच्या पैशाने आपली नगरी सजविली जाते, असा आक्षेप सभेतच निघाला, असे प्लुटार्क लिहितो. 416 मध्ये मेलोस बेटाने मान तुकविली नाही, तेव्हा तेथील पुरुष मारले व बायकामुले विकली. घरी स्वातंत्र्य, बाहेर जुलूम!

404 मध्ये अथेन्स शरण गेले. 330 मध्ये शिकंदराच्या सैन्याने पारसाची राजधानी पर्सेपोलिस जाळली.

नहेम्याकडे मात्र पाहा. तो त्याच पारसी राजाचा चाकर. त्याने सावकारांस दोष दिला, पण आपण व आपले चाकरही कर्ज देत आलो आहो, हे त्याने लपविले नाही. त्याने शेते, मळे व घरे परत करविली. सुभेदार म्हणून मिळणारी शिधासामग्री त्याने बारा वर्षे घेतली नाही. उलट त्याच्या ताटाशी रोज दीडशे माणसे जेवत. साम्राज्य बदलणे त्याच्या हाती नव्हते. आपले ताट त्याच्या हाती होते.

बंधूंनो, आम्हांपैकी कोणी पाळक आहे, कोणी पंच, कोणाच्या हाती मंडळीची पेटी, कोणाच्या घरी दोन पोती धान्य अधिक. आमची सत्ता थोडी आहे. परंतु अडलेल्या भावाने आमच्या दाराशी उभे राहावे, इतकी ती खचित आहे. पेरणीच्या दिवसांत त्याला बी देताना आम्ही दिडीने मागतो की नाही? आमच्या वहीत कोणाचे शेत अडकले आहे काय? ह्या आठवड्यात ती वही आपण प्रभूसमोर उघडू या, आणि जे परत करावयाचे ते परत करू या.

प्रभू आम्हांस तसे धैर्य देवो. आमेन.