देणाऱ्याचा हात

तरुण उद्योजकांना कंपन्या पुरस्कार देतात. धनादेश असतो, मानचिन्ह असतं, मार्गदर्शनाची सत्रं असतात आणि मागच्या फलकावर प्रायोजकाचं नाव असतं. या देण्याला दान म्हणायचं का? गीतेच्या सतराव्या अध्यायातली कसोटी कडक आहे. देणं कर्तव्य आहे एवढ्याच भावनेनं, परतफेड करू न शकणाऱ्याला, देश, काल आणि पात्र पाहून दिलेलं ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून दिलेलं ते राजस. या मापानं प्रायोजित पुरस्कार राजस ठरतो, कारण प्रसिद्धी हे त्याचं उघड फळ आहे. आपल्या कायद्यालाही हा भेद करावा लागला. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्चायला सांगतं. पण आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरता येणार नाही, असं २०२१च्या नियमांनी स्पष्ट केलं.

तरीही सगळा दोष नावाला देणं मला पटत नाही. गिरगावचा मुख्य रस्ता आज ज्यांच्या नावानं आहे त्या जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठांच्याच नावाची संस्कृत शिष्यवृत्ती १९१२ साली चिंतामणराव देशमुखांना मिळाली; पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नाना तर १८६५ सालीच वारले होते. विद्यार्थी ठरला तो मॅट्रिकच्या परीक्षेतल्या संस्कृतच्या गुणांवर. नानांचं नाव देणगीवर राहिलं, पण घेणाऱ्यावर त्यांचा हक्क उरला नाही. माझ्या मते दानाचा कस इथेच लागतो. दिल्यानंतर देणाऱ्याचा हात सुटतो की नाही, हे पाहावं.

यावर कोणी म्हणेल, भुकेल्यानं अन्न देणाऱ्याचा हेतू का तपासावा? अन्नाच्या बाबतीत हे खरंच आहे. पण पुरस्कार सगळ्यांना मिळत नाही, त्यात निवड असते, आणि देणाऱ्याचा हेतू त्या निवडीत उतरतो. ज्याला प्रसिद्धी हवी, तो व्यासपीठावर शोभणारा विजेता शोधणार. चाळीतल्या खोलीत मसाले करून विकणाऱ्या, भांडवलासाठी अडलेल्या बाईला पाच मिनिटांत इंग्रजीतून आपला धंदा मांडता येत नाही; ज्याला येतो, त्याच्याकडे बहुधा आधीच चार दारं उघडी असतात. म्हणजे गरज एकीकडे राहते आणि मदत दुसरीकडे जाते. पात्राचा विचार गीतेनं केला तो याचसाठी, असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रसिद्धी काढून घेतली तर कंपनी देईल कशाला? अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसा फंडाकडे इथे पाहायला हवं. माणशी वर्षाला एक पैसा, एवढीच मागणी. त्या वर्गणीतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला आणि तिथे शिकलेल्यांनी हा धंदा इतरत्र नेला. एका पैशाच्या बदल्यात कुणाचं नाव फलकावर लागणार होतं? तरी लोकांनी दिलं. कंपन्यांना एवढा निरिच्छपणा जमणार नाही, हे मान्य. त्यांनी नाव खुशाल लावावं. मात्र निवड स्थानिक पतसंस्था, बचतगट आणि त्या धंद्यातल्या जुन्या माणसांच्या हाती सोपवावी, आणि विजेत्याच्या चेहऱ्यावर, वेळेवर, त्याच्या पुढच्या सौद्यांवर कसलाही हक्क सांगू नये. एवढंही करायचं नसेल, तर तो खर्च जाहिरातीच्या खात्यात दाखवावा.