पाहिलेले सांगू नये?

सोनोग्राफी केंद्रात शिरताना दारावरची पाटी आपण सर्वांनीच पाहिलेली असते. येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे, अशा अर्थाची. भाईंदरच्या जुन्या चाळीतले केंद्र असो की मीरा रोडच्या टॉवरमधले, ती पाटी लावावीच लागते. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे लक्ष जात नाही, तसे या पाटीचेही झाले आहे. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या सुनेला पाचव्या महिन्याच्या तपासणीला नेले तेव्हा तासभर तिच्यासमोर बसावे लागले, आणि आपण किती विलक्षण गोष्ट वाचतो आहोत हे तेव्हा ध्यानात आले. आत डॉक्टर बसलेले आहेत. त्यांना पडद्यावर एक सत्य दिसते आहे. आणि कायदा त्यांना बजावतो आहे की, हे सत्य उच्चाराल तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगात जाल.

खोटे बोलू नये, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिल्यांदा शिकलो. खरे बोलल्याबद्दल शिक्षा, हे कुणी शिकवले नव्हते.

आमच्याबरोबर आमच्या विहीणबाई होत्या, उत्तनच्या. तपासणी झाल्यावर त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलेच, "पेढे का बर्फी?" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "बाळ छान आहे मावशी, एवढंच सांगते," म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. परतताना रिक्षात विहीणबाईंची कुरकुर सुरू झाली. त्यांची भाची टोरांटोला असते. तिला पाचव्याच महिन्यात सांगितले होते. तिने गुलाबी केक कापला, व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना दाखवला, नावसुद्धा ठरवून टाकले. "आम्ही काय चोर आहोत का? आमच्या घरात असलं पाप कधी झालं नाही. मग आमच्यापासून का लपवतात?"

प्रश्न रास्त होता. आम्हीही मान डोलावली. मग जरा वेळाने त्याच म्हणाल्या, "तुमच्या बोटीला तांडेल झाला म्हणजे बरं." कुणी काही बोलले नाही. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तेवढेच.

बोटीवरून आठवले. आपल्या बंदरातल्या कितीतरी बोटींवर फिश फाइंडर आहे. त्याचे तंत्र आणि सोनोग्राफीचे तंत्र एकच, हे फार जणांना ठाऊक नसते. यंत्र खाली आवाज सोडते, तो तळाला किंवा माशांच्या थव्याला आपटून परत येतो, आणि परत यायला किती वेळ लागला यावरून यंत्र पडद्यावर चित्र काढते. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्सच्या पॉल लांजव्हाँ यांनी स्फटिकातून असा आवाज काढण्याचे साधन बनवले. पुढे ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी धातूतल्या भेगा शोधणारे कारखान्यातले यंत्र पाहिले आणि जे लोखंडात चालते ते पोटात का चालू नये, असा विचार केला. त्यांचा निबंध १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. गंमत अशी की समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर वेगाने जातो आणि आपल्या शरीराच्या मऊ भागात साधारण १,५४० मीटर. आईचे पोट आणि समुद्र, आवाजाला दोन्ही जवळपास सारखेच.

पण अनुभवी तांडेल फिश फाइंडरवरच्या प्रत्येक डागाला मासा म्हणत नाही. पडद्यावर दिसतो तो फोटो नसतो, यंत्राने परतलेल्या आवाजावरून बांधलेला अंदाज असतो. सोनोग्राफीचेही तसेच. आवाजाचा वेग सगळीकडे सारखाच आहे असे यंत्र धरून चालते, पडद्यावर दाणे-दाणे उमटतात, सावल्या पडतात, आणि त्यातून बाळाचे डोके, पाठीचा कणा, वार ओळखायला वर्षानुवर्षे सरावलेली नजर लागते. गेल्या काही वर्षांत संगणकाने हे काम फार पुढे नेले. दाणे पुसून चित्र स्वच्छ करणे, अनेक चित्रे जोडून बाळाचा चेहरा त्रिमितीत उभा करणे, आणि आता तर यंत्राने स्वतःच डोके कुठे, मांडीचे हाड कुठे हे ओळखून मोजमाप घेणे. त्रिमितीतल्या चेहऱ्याच्या चित्राला फ्रेम करून भिंतीवर लावणारी घरेही आम्ही पाहिली आहेत. बाळ जन्मल्यावर ते तसे दिसत नाही ही गोष्ट वेगळी.

तर हे सगळे पाहण्याचे शास्त्र. न सांगण्याचा कायदा मात्र आपल्या महाराष्ट्राने केला. १९८०च्या दशकात मुंबईत गर्भजल काढून मुलगा की मुलगी हे सांगण्याचा धंदा उघडपणे चाले. स्त्रियांच्या संघटना आणि काही डॉक्टर त्याविरुद्ध उभे राहिले आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातला असा पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा, तो लागू झाला १ जानेवारी १९९६ रोजी. तरीही अंमलबजावणी होईना, म्हणून २००० साली मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. आकडे मात्र ऐकेनात. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात २००१च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७.

ख्रिस्तसभा या विषयावर काय शिकवते ते आपल्याला माहीत आहे, ते इथे पुन्हा सांगत बसत नाही. आमचा प्रश्न त्या पाटीचा होता. खरे लपवणे योग्य कसे?

जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांनी १७९७ मध्ये फार टोकाचे मत मांडले होते. दारात मारेकरी उभा राहून आत लपलेल्या मित्राचा पत्ता विचारत असला, तरी त्याला खोटे सांगू नये. हे वाचून सामान्य माणसाच्या पोटात गोळा येतो. पण नीट पाहिले तर पाटी डॉक्टरला खोटे बोलायला सांगतच नाही. मुलगी असताना मुलगा आहे असे म्हणा, असे कायदा म्हणत नाही. तो फक्त गप्प राहायला सांगतो. सत्य कळण्याचा ज्याला अधिकार नाही त्याला ते सांगण्यास कोणी बांधलेला नाही, असे ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही आहे. पापनिवेदन ऐकणारे फादर जे ऐकतात ते कुणाला सांगतात का? तेव्हा मौन हे असत्य नव्हे, इथपर्यंत आमची खात्री पटली.

खरी अडचण पुढे आहे. विहीणबाईंचा प्रश्न, आम्ही काय चोर आहोत का?

जून-जुलैत आपल्या यांत्रिक बोटी किनाऱ्याला असतात. मासे अंडी घालतात म्हणून बंदी. त्या दिवसांत समुद्रात जाऊन अंड्यावरची मासळी मुद्दाम उपसणारे सगळेच असतात असे नाही, पण बंदी सगळ्यांना. का? तर कोणती बोट काय करील हे बंदरातून सुटताना सांगता येत नाही. आपण कुरकुरतो, जाळी विणत बसतो, पण बंदी चुकीची आहे असे सहसा म्हणत नाही. मौनाच्या कायद्याचेही तसेच मानता येईल. ज्यांच्या मनात काही नाही त्यांचे नुकसान एका केकपुरते. ज्या घरात काही आहे, तिथे एक जीव. शिवाय, कुणाच्या मनात काय आहे हे त्याला स्वतःला तरी कितपत ठाऊक असते? रिक्षात तांडेलाची गोष्ट निघाली तेव्हा आम्ही गप्प बसलो ते उगाच नाही. पापाचा विचार त्यात नव्हता, पण इच्छा होती, आणि ती आमचीही होती.

२०१०च्या सुमारास कोल्हापूरला याच्याही पुढची पायरी गाठली गेली. तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाची पेटी जोडायला लावली. यंत्रावर जे चित्र दिसेल ते त्या पेटीत साठून राहायचे, पुढे तपासता यावे म्हणून. रेडिओलॉजिस्टांची संघटना न्यायालयात गेली. रुग्णाच्या खासगीपणाचे काय, हा त्यांचा सवाल. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश कायम केला. म्हणजे पाहणाऱ्यावर पाहणारा. कोल्हापूरचे प्रमाण २००१ मध्ये ८३९ होते, २०११ मध्ये ८६३ झाले, आणि त्याचे श्रेय पुष्कळदा या पेटीला दिले जाते. पण २०११च्या जनगणनेत मोजलेली सहा वर्षांपर्यंतची बहुतेक मुले पेटी बसण्याच्या आधीच जन्मलेली होती, तेव्हा हे श्रेय सबुरीने द्यावे. मोहिमेचा, भीतीचा, बायकांच्या बोलण्याचा, सगळ्याचाच त्यात वाटा असणार.

इथवर आम्ही पाटीच्या बाजूचे होतो. पण अलीकडच्या संशोधनाने आमचा निश्चय थोडा डळमळला, ते सांगितले पाहिजे.

अमेरिका आणि झांबिया इथल्या संशोधकांनी एक नवी पद्धत तपासून पाहिली. त्यांचे निष्कर्ष २०२२ आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सोनोग्राफीचे फारसे शिक्षण नसलेली परिचारिका हातात मावणारे, बॅटरीवर चालणारे स्वस्त यंत्र घेते आणि पडद्याकडे न पाहता ते पोटावरून ठरलेल्या रीतीने फिरवते. चित्रे संगणक वाचतो आणि गर्भ किती आठवड्यांचा आहे ते सांगतो. तज्ज्ञाने नेहमीच्या पद्धतीने केलेल्या मोजमापाच्या तोडीचे उत्तर आले. आपल्याकडेही आयआयटी मद्रास आणि फरीदाबादच्या संस्थेने भारतीय मातांच्या माहितीवरून गर्भाचे वय काढण्याची रीत २०२४ मध्ये मांडली, कारण आजवरची सूत्रे परदेशी मातांवरून बांधलेली होती. वय नेमके कळले तर अपुऱ्या दिवसांचे बाळ कोणते आणि नुसतेच लहान चणीचे कोणते, हे कळते. जुळे आहे का, बाळ आडवे आहे का, वार खाली आली आहे का, हे वेळेवर कळले तर बाईला आधीच मोठ्या रुग्णालयात हलवता येते.

आता आपल्या शेजारचा पालघर जिल्हा डोळ्यांसमोर आणा. जव्हार, मोखाड्याचे पाडे. पावसात गरोदर बाईला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या आपण वाचतो. हे यंत्र नर्सबाईंच्या पिशवीत असायला हवे ते तिथे. पण आपल्या कायद्याने सोनोग्राफी फक्त पात्र, नोंदणीकृत डॉक्टरने करायची. २०१२च्या नियमांप्रमाणे हलते यंत्र एकतर नोंदवलेल्या रुग्णालयाच्या आत, नाहीतर फिरत्या आरोग्य पथकाच्या गाडीत. नर्सच्या पिशवीत नाही. नियम उगाच केलेला नाही, अशी यंत्रे गावोगाव फिरवून धंदा करणारे निघाले म्हणूनच तो आला. पण परिणाम काय? वंशाच्या दिव्याचा हव्यास कुणाचा, आणि वाचून न पाहिलेल्या पोटाची किंमत मोजणार कोण? बहुधा ती बाई, जिने ती पाटी कधी पाहिलीही नसेल. मासेमारी बंदीचा आमचा दाखला इथे लंगडा पडतो. बंदीत आपले उत्पन्न बुडते, जीव जात नाही.

आमच्या मते वाट आहे. यंत्राने चित्र दाखवूच नये. आठवडे किती, जुळे आहे का, वार कुठे, एवढीच उत्तरे अक्षरांत द्यावीत आणि बाकीचे चित्र पुसून टाकावे. परिचारिकेला पडदा नसेल तर लपवायलाही काही नसेल. संगणकाला जे ओळखायला शिकवता येते, ते न ओळखायलाही लावता येते. अर्थात ज्याला हे बसवता येते त्याला ते काढताही येते, आणि अलीकडे तर आईच्या रक्ताच्या थेंबांतूनही सगळे कळू शकते. कायदा त्यालाही लागू आहे, पण रक्ताच्या बाटलीवर पाटी लावता येत नाही. तरीही मोखाड्याच्या बाईला थांबवून ठेवण्याचे कारण आम्हाला पुरेसे वाटत नाही. ज्यांना आमचे हे म्हणणे पटत नाही त्यांनी जरूर लिहावे. कोल्हापूरकरांनी पेटीचे जे केले तसे काही इथे करता येईल का, यावर आपल्या धर्मग्रामातल्या डॉक्टर मंडळींचे मत वाचायला आवडेल.

एक गोष्ट राहिली. तपासणीआधी एक कागद भरतात, 'एफ' फॉर्म. त्यावर गरोदर स्त्रीने लिहून द्यायचे असते की मला माझ्या गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही. आमच्या सुनेने तो वाचला, पेन मागून घेतले आणि सही केली. विहीणबाईंनी काही विचारायच्या आधीची ही गोष्ट. नवऱ्याची सही त्यावर लागत नाही, सासूची नाही, आईचीही नाही. आम्ही तिघे बाहेर बाकावर बसलो होतो, पाटीसमोर. आमच्याकडे कागद घेऊन कुणी आले नाही.